सेक्रेटरीची किळस

माझ्या भावाला रक्त बघवत नाही. आणि देशातल्या निम्म्या लोकांना फासावर चढवायला तो एका पायावर तयार असतो. बातम्या लागल्या की सोफ्यावरून ओरडतो, "ठोका, हाकला, साफ करा!" घरात मासळी कापायला घेतली की हाच नाकाला रुमाल लावून बेडरूममध्ये पळतो. खायला मात्र पहिला.

किळसच माणसाला असं करते, असं मला वाटायचं. पण मग बाबा आठवतात. गिरणीत कुणाचं बोट कापलं की भोवळ यांनाच यायची, आणि शुद्धीवर आले की मालकाच्या दारात घोषणा देत सगळ्यात पुढे हेच. किळस बापलेकांची एकच. राग कुणावर काढायचा, तेवढं वेगळं.

भोईवाड्यातली आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि भाऊ सोसायटीचा सेक्रेटरी. चाळीत येणारी कोळीण मावशी टॉवरमध्येही वर यायची, दारात बसून मासळी साफ करून द्यायची. आईचे गुडघे गेलेत, ती खाली उतरत नाही. मावशीशी गप्पा हाच तिचा जगाशी उरलेला संबंध. शेजाऱ्यांना वास येत होता आणि भावाला मावशीवर बंदी हवी होती.

गटारीच्या सकाळी मावशीच्या विळीखालचं लाल पाणी शेजारच्या रांगोळीत गेलं. भाऊ लिफ्टमधून बाहेर पडला, ते पाहिलं आणि पांढराफटक झाला.

"घाण साली!" म्हणत त्यानं टोपलीला लाथ मारली. बांगडे जिन्यावरून घरंगळले. मावशी ते गोळा करायला वाकली, तर त्यानं तिला दंडाला धरून फरफटत लिफ्टकडे नेलं. तिचं डोकं भिंतीवर आपटलं. आई दारात किंचाळली. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी भावाच्या कपाळावर हाणला.

मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

स्वतःचं रक्त बघून तो खाली कोसळला. मावशीनंच त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि खवल्यांनी भरलेला पदर जखमेवर दाबून धरला. "डोळे उघड रे पोरा," ती म्हणत होती. त्यानं उघडले, पदर बघितला आणि तिच्या मांडीवरच ओकला. टॅक्सी येईपर्यंत ती हलली नाही.

आता तरी लाजेल, असं मला वाटलं होतं. कसलं काय! श्रावणात मीटिंग झाली, कपाळाला पट्टी लावून बसला आणि बंदीसाठी पहिला हात त्यानंच वर केला. ठराव पास. मावशी गेटबाहेर बसायला लागली.

गणपती गेल्यावरच्या पहिल्या रविवारी तो सकाळपासून मासळी मासळी करत होता. मी गेटवर जाऊन मावशीकडून बांगडे आणले, मुद्दाम न कापता. आईनं अख्खा बांगडा त्याच्या ताटात ठेवला आणि शेजारी विळी.

"घे, साफ कर आणि खा," आई म्हणाली. "तुझ्या टॉवरात आता असोच मासो येतलो."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी जागची हलले नाही. बांगड्याच्या पोटाला त्यानं एक बोट लावलं, उमासा आला, तोंड दाबलं. मग इंटरकॉम उचलून वॉचमनला म्हणाला, "त्या मावशीला वर पाठव. आजच्यापुरतं."

थोड्या वेळानं इंटरकॉम वाजला.

"साब, वो बोलती है, ऊपर मना है."