देवकाताईच्या कोपराशी असलेली खपली

भाद्रपदातला रविवार होता. पोशेऱ्याच्या पुढे, नाचणीच्या शेताशेजारच्या गवतात मी कॅमेरा घेऊन गुडघ्यांवर बसले होते... आणि देवकाताई माझ्यासाठी हात न हलवता उभी होती.

ही देवकाताई आमच्या शाळेत पोरांचा पोषण आहार शिजवायची. सुट्टीच्या दिवशी रोजावर गवत कापायला जायची. स्वतःची जमीन नाही, नवरा फार पूर्वी गेलेला, घरात एकटी मुलगी सुनीता, बारावी झालेली.

दोन वर्षांपूर्वी बदली होऊन मी मोखाड्यात आले. संध्याकाळी खोलीत बसवत नव्हतं, म्हणून मॅक्रो लेन्स घेतली आणि किड्यांचे फोटो काढायला लागले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी इथे ते पाहिलेत, लाईकही केलेत... पण त्यातले निम्मे किडे देवकाताईने शोधलेले आहेत. मला नुसतं हिरवं पान दिसायचं, ती मात्र लांबूनच सांगायची, "बाई, त्या पानाखाली बसलाय बघा."

त्या रविवारी तिच्या हातावर प्रार्थनाकिड्याचं पिल्लू चढलं होतं. मनगटावरून कोपरापर्यंत सावकाश चालत गेलं. मी एकामागून एक फोटो घेत होते आणि तिला सारखी सांगत होते, हलू नको.

"आंग दुखतंय जरा," ती म्हणाली. "पण काढा तुम्ही. तो पळंल नायतर."

मी काढत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. तिने गावातच गोळ्या घेतल्या, दोन दिवस तशीच कामावर आली. मग आलीच नाही. आठवडा झाला तेव्हा सुनीताने तिला जीपने जव्हारला नेलं, तिथून नाशिकला पाठवलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. शेवटी तिथल्या डॉक्टरांना तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक काळी खपली सापडली... स्क्रब टायफस. गवतातला अगदी बारीक जीव चावतो, त्याने होतो. औषध लगेच सुरू केलं, पण तोवर किडन्या थांबल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी देवकाताई गेली.

"चार-पाच दिवस आधी आणलं असतं तर साध्या गोळ्यांनी बरी झाली असती," डॉक्टर सुनीताला म्हणाले. सुनीताने हे मला मातीच्या दिवशी सांगितलं. एकदाच. नंतर त्यावर बोलली नाही.

त्यानंतर मी कॅमेरा बॅगेतून काढला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत कार्ड रिकामं करायला घेतलं. फोकस चुकलेले फोटो डिलीट करत होते. एका फोटोत पिल्लू कडेला गेलं होतं आणि फोकस त्याच्यावर बसण्याऐवजी मागच्या कातडीवर बसला होता... मधोमध ती खपली होती. गोल, काळी, भोवती लालसर कडा. सिगारेटचा चटका बसावा तशी.

तारीख बघितली. तोच रविवार. तिला जव्हारला नेलं त्याच्या आठ दिवस आधीचा.

मी डॉक्टर नाही, तेव्हा बघितलं असतं तरी मला काय कळलं असतं, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. ते खरंही आहे. पण त्या पिल्लाच्या पायावरचे काटे मी त्याच संध्याकाळी झूम करून मोजले होते... आणि अंग दुखतंय म्हणणाऱ्या बाईला साधं बसही म्हटलं नव्हतं.

सुनीताला सांगावं की नाही, ठरत नव्हतं. तिच्या घरावरून जायचं मी टाळायला लागले. शेवटी परवा दुपारी गेले, तिच्यासमोर बसले आणि फोटो दाखवला.

तिने मोबाईल हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली.

"आयचा हात हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "ही खपली मी पण बघितली होती, बाई. आंघोळीचं पाणी घालताना. मी तिला म्हणलं, काटा लागलाय, हळद लाव... तीच बोलली, दुखत तर नाय."

दवाखान्यात हे कुणाला सांगितलं नव्हतं तिने. घरी कुणाला सांगायचं, घरात कुणी उरलंच नव्हतं. ती रडली नाही, मीच रडले.

नंतर तीच म्हणाली, हा फोटो घरोघरी आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईंना दाखवू. काल आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. आता गवत कापायला जाणाऱ्या बायकांना त्या हा फोटो दाखवणार आहेत, सुनीता त्यांच्याबरोबर पाड्यापाड्यावर फिरणार आहे. याने किती जणी वाचतील, मला माहीत नाही. देवकाताई परत येणार नाही, तेवढं माहीत आहे.

तुम्हीही बघून ठेवा. ताप, अंगदुखी आणि अशी काळी खपली... काखेत, कोपरात, कमरेला, कुठेही. ती दुखत नाही, म्हणूनच राहून जाते. दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

इथे टाकायच्या आधी मी सुनीताला विचारलं. "टाका," ती म्हणाली. "पण खाली आयचं नाव लिवा."

देवका. पोशेऱ्याची. हात तिचा आहे. फोटोतला किडा मी कापून टाकला आहे.