आबांच्या पेटीच्या चौदा वायरी

रविवार, जत्रेचा दुसरा दिवस. हजर: आबा (माझे सासरे), हे (आबांचे चिरंजीव, म्हणजे माझे मिस्टर), डीजेवाला सोमा आणि मी. उशिरा हजर: आमची मुलगी सायली. (मी हायस्कूलमध्ये लिपिक आहे. हजेरी घेतल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट सांगता येत नाही.)

आष्टी तालुक्यात, कडा गावाजवळच्या आमच्या गावात त्या दुपारी कुस्त्यांचा फड भरतो, आणि चाळीस वर्षं तिथला माइक आबांकडे आहे. पैलवानाने आखाड्यात पाय टाकला की आबा त्याचं गाव, तालीम, वस्ताद आणि मागच्या वर्षीची हार, सगळं एका दमात सांगत. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज उरला तो कानात गुपित सांगण्यापुरता. त्याच सुमारास हलगीवाल्यांच्या जागी सोमाचा डीजे आला. आबांनी माइक उचलला की हलगीवाले आपणहून हात आखडायचे. सोमाला सांगितलं तर म्हणाला, "काकू, आवाज कमी करायचं ध्यानात असतंय, पण कुस्ती रंगली की इसरतो बघा."

मागच्या जत्रेत आबा तासभर बोलले. कुणाला एक शब्द कळला नाही. म्हणून यंदा त्यांनी घरात जाहीर केलं, "एक डाव बघतो. न्हाई जमलं तर माइक सरपंचाच्या पुतण्याला देऊन टाकतो." हा पुतण्या प्रत्येक पैलवानाला 'आपला लाडका' म्हणतो. आबांना ते औषधापेक्षा कडू लागतं.

उपाय सायलीने काढला. ती पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मॉड्युलर सिंथेसायझर नावाची पेटी वाजवते. पेटी म्हणजे पिठाच्या डब्याएवढं खोकं, तोंडावर भोकंच भोकं, आणि या भोकातून त्या भोकात गेलेल्या चौदा रंगीत वायरी. त्यातला एक भाग माइकवरचा आवाज ऐकत बसतो, दुसरा डीजेच्या आवाजाची तोटी धरून बसतो. आबा बोलले की पहिला दुसऱ्याला खुणावतो आणि तोटी बारीक होते. आबा थांबले की पुन्हा मोकळी.

"म्हणजे पेटीत हलगीवाला बसवलाय म्हण की," आबा म्हणाले.

शनिवारी घरी चाचणी झाली. आबा कुजबुजले आणि मोबाइलवरची हलगी अदबीने खाली बसली. त्यांनी पाच वेळा करून बघितलं. सहाव्या वेळी माइक खाली ठेवून डोळे पुसले.

"ह्यात नवीन काय हाय?" हे म्हणाले. "तुझी आई बोलली की घरातले सगळे आवाज खाली जातेत. चोवीस वर्षं झाली, वायर बी लागत न्हाई."

रविवारी सकाळी सायली माइकची लांब वायर आणायला आष्टीला गेली. अकराला जत्रेचे पाहुणे येणार होते. माझी यादी तयार होती: अंगण, सतरंज्या, पाण्याचा पिंप आणि चौथं, टेबलावरचा पसारा.

चौथ्या कामाला मला सात मिनिटं लागली. चौदाही वायरी उपसल्या, रंगाप्रमाणे लावल्या, गुंडाळल्या, रबर लावलं आणि फरसाणाच्या रिकाम्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी चिकटवली: 'वायरी (सायली)'. एवढं नीटनेटकं काम हातून झालं की मला चहा जास्त गोड लागतो.

चहा अर्धा झाला तेव्हा सायलीचा फोन आला. "आई, मी परस्पर फडावर येते. पेटी आहे तशी उचलून आणा. फक्त वायरींना हात लावू नको."

मी "बरं" म्हणाले. हात लावायला वायरी उरल्या कुठे होत्या!

ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, म्हणून मी आशेने ह्यांच्याकडे बघितलं. "तीन फेजची मोटार असती तर डोळे झाकून जोडली असती," हे म्हणाले, आणि खरंच डोळे झाकून बसले. तेवढ्यात मला आठवलं, शनिवारी मी आबांचा पेटीसोबत फोटो काढला होता. फोटोत आठ वायरी दिसत होत्या. सहा आबांच्या फेट्यामागे होत्या.

"अहो, जरा बाजूने बघता येतं का?"

"फोटोत? आबांना म्हणू का, सरका थोडं?"

तासाभरात तेरा वायरी बसवल्या. निळी उरली.

"एखादी उरतीच," हे म्हणाले. "मोटार जोडल्यावर माझा बी एक नट उरतो."

"मग त्याचं काय करता?"

"आजवर कुणी तक्रार केली न्हाई."

फडावर माणूस मावत नव्हता. आबांनी फेटा सारखा केला, माइक तोंडाशी नेला आणि म्हणाले, "मंडळी..."

डीजेतली हलगी कडाडली. आबा दचकून थांबले. हलगी गप्प. "मंडळी..." पुन्हा कडकडाट. आबा जेवढा जोर लावत, तेवढी ती अंगावर येई. लोक हसायला लागले.

"सोमा, असं कावून करतंय रं?"

"आबा, मी हातच लावला न्हाई." सोमाने दोन्ही हात वर केले.

आबांनी माइक पेटीशेजारी ठेवला आणि फेटा सोडायला सुरुवात केली. "सूनबाई, झालं माझं. बोलव त्या पुतण्याला."

मला ते सोसेना. मी पेटीवर वाकले. दोन भोकं शेजारी होती, एकावर वर जाणारा बाण, दुसऱ्यावर खाली जाणारा, आणि आम्ही वायर घातली होती वरच्या बाणात. नेमकी ही जागा फोटोत फेट्यामागे होती. हात त्या वायरीकडे नेत मी आबांना खरं सांगायला लागले, पण माइक चालूच, त्यामुळे हलगी माझ्याशीही भांडायला लागली. मी आवाज चढवला. वायर वरच्या बाणातून काढली, खालच्या बाणात घातली, आणि हलगी पटकन खाली बसली. मी मात्र त्याच पट्टीत होते:

"...तुमचा काही दोष नाही, वायरी मी उपसल्या! रंगाप्रमाणे गुंडाळून फरसाणाच्या डब्यात भरल्या!"

सगळ्या फडाने ऐकलं. कडेला, खांद्यावर लांब वायर घेऊन उभ्या सायलीनेही.

"आई?" ती म्हणाली.

आबांनी अर्धा सुटलेला फेटा तसाच राहू दिला आणि माइक उचलला. "मंडळी," ते कुजबुजले, आणि पार मागे लिंबावर चढून बसलेल्यांनीही माना वळवल्या. "ही आमची सूनबाई. तालीम, हायस्कूलचं ऑफिस. वस्ताद, कुणीच न्हाई. आजच्या फडातली पहिली हार हिच्या नावावर."

टाळ्या थांबेनात. आबा शेवटच्या कुस्तीपर्यंत बोलले. मी बाकी दुपारभर तोंड उघडलं नाही.

घरी येऊन यादी पुरी केली. एकच काम राहिलं: निळी वायर कुठली ते शोधणे. सायलीलाही आठवेना. तीन भोकांत घालून बघून ती म्हणाली, "राहू दे. चालतेय ना? आता पुढच्या जत्रेपर्यंत पेटीला कुणी हात लावायचा नाही." 'कुणी' म्हणताना सगळे माझ्याकडे बघत होते.

तर काम बाकी आहे. तोवर वायर नीट गुंडाळून, रबर लावून ठेवली आहे. वर चिठ्ठीही लावली आहे, 'निळी वायर', म्हणजे शोधायला सोपं जाईल.