बाबांच्या चालण्याचं गॅरेज

माझं ऑफिस नव्या रायपूरला हललं, त्याच्या आगेमागेच बाबांना लकवा मारला. बाबा म्हणजे माझे सासरे, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. झटका सौम्य होता, वेळेवर दवाखान्यात नेलं, म्हणून वाचले. हात बराचसा सुटला, बोलणं पहिल्यासारखं झालं. डावं पाऊल मात्र मागेच राहिलं. चालताना ते पुरतं उचललं जायचं नाही, अंगठा जमिनीला घासत यायचा. घरात कुठेही असले तरी त्यांची चप्पल ऐकू यायची. एक पाऊल पडल्याचा आवाज, आणि मग एक फरफटल्याचा.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा रेल्वेत, बिलासपूरला. शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. म्हणजे घरात मी आणि बाबा, आणि सकाळी स्वयंपाकाची बाई गेली, माझी गाडी निघाली की एकटे बाबा.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. बाहेर चालणं शक्य नव्हतं. जुन्या रायपुरातली आमची गल्ली अरुंद, आणि तिच्या तोंडाशी भनपुरीकडे जाणारे ट्रक दिवसभर धावायचे. घरात सगळीकडे उंबरे आणि फर्निचर. मग बाबांनीच जागा शोधली. मी गाडी बाहेर काढली की रिकामं झालेलं गॅरेज. घराच्या बाजूने लांबट, वर स्लॅब, पुढे पत्र्याचं दोन झडपांचं गेट. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ते चकरा मारत राहायचे. मी विचारलं, कंटाळा नाही येत? तर म्हणाले, "गार्डच्या डब्यात जलम गेला माया. इतक्याशा जागेत चालाची सवयच हाय."

पण ते गॅरेज काही चालण्याची जागा नव्हतं. सिमेंट ठिकठिकाणी उखडलेलं, मधोमध ऑइलचा जुना डाग, आणि वर सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी भुकटी. रोज झाडली तरी दुपारपर्यंत पुन्हा बसायची. गेट इतकं गंजलं होतं की उघडायला मलाच दोन्ही हात लागायचे. मी सकाळी गाडी काढून ते बाहेरून लोटून घ्यायची, आणि नव्या रायपूरच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर सगळा वेळ डोक्यात एकच चालायचं. आत्ता ते कुठल्या खड्ड्यापाशी असतील. ऑफिसात पोचले की फोन करायची. ते "हव, ठीक हाय" म्हणाले की तासभर बरं जायचं. मग पुन्हा सुरू.

पावसाळ्याच्या आधी गॅरेज नीट करून घ्यायचं ठरलं. नवऱ्याचं म्हणणं पक्कं होतं.

"मोटरवालं शटर लावून टाकू. बटन दाबलं की वर, बटन दाबलं की खाली. तुले गाडीतून उतरायचं काम नाही. अन् खाली चांगली टाइल."

मलाही ते पटलं. संध्याकाळी अंधारात गाडी गल्लीत उभी करून, मागून हॉर्न वाजत असताना ते गेट ओढणं मला नको झालं होतं. शटरवाल्याला बोलावलं. त्याने माप घेतलं, आणि चौकट बसवायची म्हणून जुनं गेट काढून नेलं. शटर आठवड्याभरात लावतो म्हणाला.

टाइल निवडायला मी रविवारी एकटीच गेले. दुकानदाराने आधी चकचकीत टाइल दाखवली. मी तिच्यावर पाणी टाकायला सांगितलं. त्याने बाटलीतलं पाणी शिंपडलं. मी चप्पल घातलेलं पाऊल ठेवलं, ते सरकलं. मग त्याने चौकोनी उठावाची, जाड पार्किंग टाइल काढली. "इसपे तो ट्रक भी नहीं फिसलेगा, मॅडम." मी त्या टाइलवर डावा पाय सैल सोडून, अंगठा घासत चालून पाहिलं, बाबा चालतात तसं. चपलेचं टोक पहिल्याच उठावाला अडलं. दुकानात आलेलं एक जोडपं माझ्याकडे बघायला लागलं. दुकानदाराने काळजीने विचारलं, "पैर में तकलीफ है क्या?" मी नाही म्हणाले आणि मला एकदम रडू यायला लागलं. एकीवर घसरणार आणि दुसरीवर अडखळणार. काहीही निवडलं तरी पडणारे बाबाच. मी त्या जाड टाइलचे चार तुकडे नमुना म्हणून घेतले आणि घरी आले.

त्यानंतर दोनेक दिवसांत ते झालं.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मी फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. बाबा आंघोळीला गेले असतील, झोपले असतील, असं स्वतःला सांगत डबा उघडला आणि तसाच बंद केला. मग समोरच्या दीदींना लावला. दीदी इकडच्याच, छत्तीसगढी. त्यांचं घर गल्लीच्या पलीकडे, आमच्या गॅरेजच्या अगदी समोर. त्यांनी लगेच उचलला.

"आप आराम से आइए," त्या म्हणाल्या. "बाबूजी ठीक हैं. हमारे सामने ही बैठे हैं."

ऑफिसात असताना मला कोणी 'आरामात या' का म्हणेल? मी पुढे काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि ते ऐकून मला गाडी चालवता आली नसती. सायबांना एका वाक्यात सांगितलं आणि निघाले. नव्या रायपूरचे रस्ते इतके मोकळे की गाडी कितीही पळवता येते, पण शहर लागलं की सिग्नलमागे सिग्नल. एकेका ठिकाणी थांबून मी स्टिअरिंग धरून नुसती समोर बघत बसायची. डोळ्यांपुढे दवाखान्यातला तो पहिला दिवस, बाबांचा वाकडा झालेला ओठ.

घरी पोचले तर बाबा गॅरेजमध्ये खुर्चीवर बसलेले. कोपराला हळद लावून फडकं बांधलेलं, पायजमा गुडघ्याशी ओला, हातात चहा. शेजारी स्टुलावर दीदी.

"काहून आली तू?" बाबा म्हणाले. "ह्यायले सांगितलं होतं मी, फोन नका करू म्हणून."

"त्यांनी नाही केला. मीच केला. काय झालं?"

दीदींनी सांगितलं. धूळ बसावी म्हणून बाबांनी स्वतःच बादलीतून पाणी शिंपडलं होतं. ओली भुकटी, त्यात तो ऑइलचा डाग. डावा पाय सरकला आणि ते भिंतीच्या कडेला पडले. डाव्या अंगावर पडल्यामुळे उठता येईना. फोन आत, पलंगावर. हाका मारल्या का, तर नाही, बाबांनी हाक मारली नाही. दीदी त्यांच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. गेट नव्हतं, म्हणून त्यांना समोर दिसलं. त्यांनी रस्त्यावरच्या भाजीवाल्याला बोलावलं आणि दोघांनी मिळून बाबांना उचललं.

"मी उठतच होतो," बाबा म्हणाले.

निघताना दीदी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गेट लगा होता ना, तो पता ही नहीं चलता. शाम को आप ही आके देखतीं."

बाबांना दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. घरी येऊन ते जेवले आणि झोपले. मी नव्हते झोपले. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचे तास मी पुन्हा पुन्हा मोजत होते. त्या ओल्या सिमेंटवर पडलेला माणूस, हाक मारायचा नाही असा स्वभाव, आणि पुढे पूर्ण बंद लोखंडी शटर. लाइट गेलेली असली तर आतून उघडायचंही नाही. ते शटर मी स्वतः पसंत केलं होतं. माझ्या सोयीचं म्हणून.

सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मी शटरवाल्याला फोन करून काम थांबवलं.

शनिवारी नवरा आला. बाबांचा हात पाहिला, दीदींना भेटून आला. पण शटर नको म्हटल्यावर चिडला.

"मंग काय लावू? उघडं ठेवू? गाडी घरात, म्हातारा माणूस घरात. कोणी बी शिरल."

"जाळीचं लावू. चॅनल गेट. बाहेरून आतलं दिसेल असं."

"चोरालेही दिसल."

"दिसू दे," मी म्हणाले. "दीदींनाही दिसेल."

तो म्हणाला, "मी तिकडे बिलासपूरले बसून काय सांगू. तुले रोज राहायचं हाय. तू ठरव." त्याच्या आवाजात राग नव्हता. मला तेवढ्यात कळलं की आठवडाभर तोही माझ्यासारखाच फोन हातात घेऊन बसत असणार.

बाबा हे सगळं ऐकत होते. "मले कोणी विचारतच नाही," ते म्हणाले. "गॅरेजमंधी चालतो कोण?"

मी नमुन्याच्या टाइल आणल्या, गॅरेजमध्ये ओळीने मांडल्या. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नवरा. बाबा चालले. दुसऱ्याच टाइलवर अंगठा अडला आणि ते पुढे झुकले. नवऱ्याने धरलं. टाइल त्याने स्वतःच उचलून भिंतीशी ठेवल्या आणि दिवसभर त्यांच्याकडे बघितलं नाही.

"बाबा, तुम्हाला कशावर बरं वाटतं चालायला?" मी विचारलं. इतके दिवस हे विचारायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यांनी जरा विचार केला. "दीदीच्या आंगनात. पडलो त्या दिवशी आधी तिकडेच चालवत नेलं होतं त्यायनं. तो फर्शी पत्थर हाय ना, तो बरा हाय. पाय घासते, पन अटकत नाही."

इकडच्या जुन्या घरांत असतो तो करडा दगड. आम्ही तिघंही गल्ली ओलांडून गेलो. दीदींनी अंगणात पाणी ओतलं, आणि आम्ही सगळे आळीपाळीने ओल्या दगडावर पाय घासत चाललो. दीदींना हसू आवरेना. पण दगड खरंच तसा होता, ना गुळगुळीत, ना उठावाचा. बाबांची चप्पल त्याच्यावरून अलगद घासत गेली.

तोच दगड घातला, पॉलिश न करता. सांधे भरताना मी रजा घेऊन उभी राहिले आणि प्रत्येक सांध्यावरून हात फिरवला. कुठे कड वर आलेली लागली की पुन्हा बसवायला लावली. कारागीर वैतागले, पण करत गेले. गेटची खालची पट्टी जमिनीत बुजवून दगडाच्या पातळीत आणली. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर पाइप लावला, धरून चालायला. गेट हलकं होतं, एका हाताने सरकायचं. माझी तेवढीच अट होती. बाबांना आतून, एका हाताने उघडता आलं पाहिजे.

काळजी संपली असं मला म्हणता येणार नाही. दुपारचा फोन मी पुढेही करत राहिले. पण आता फोन उचलला नाही तर दीदींना लावायचा, आणि त्या पायरीवरूनच सांगायच्या, "चल रहे हैं, दिख रहे हैं." जाणारे येणारेही जाळीतून बोलू लागले. बाबा उभे राहून त्यांना ट्रेनच्या वेळा सांगायचे.

मग एक दिवस दीदींनी फोन उचलला आणि त्या म्हणाल्या, "बाबूजी तो नहीं हैं अंदर."

मी खुर्चीवरून उठले.

"गेट खोलके चाय पीने गए हैं. नुक्कड़ तक. हमने रोका, माने नहीं. लड़के साथ में हैं चाय दुकान के."

नुक्कड म्हणजे गल्लीचं तोंड, जिथून ट्रक जायचे. मी संध्याकाळी घरी येताच त्यांच्यासमोर उभी राहिले. काय काय बोलायचं ते सगळ्या वाटेभर ठरवून आले होते. बाबा टीव्ही बघत होते.

"बाबा, तुम्ही एकटे रस्त्यावर गेलात?"

"चहा प्याले गेलतो."

"चहा घरात नाही का?"

"घरातला मी एकटाच पितो," ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज कमी केला. "तू बस. घाबरली दिसतेस. पानी पी आधी."

मी बसले. त्यांच्या पायांकडे बघितलं. डाव्या चपलेचं टोक रस्त्याच्या मातीने लाल झालं होतं, पण पट्टा शाबूत होता आणि गुडघे स्वच्छ होते. मी म्हणाले, "उद्या मी ऑफिसला निघताना तुम्हाला नुक्कडवर सोडते. परत आलात की दीदींना सांगा."

"हव," बाबा म्हणाले. "हे बरोबर बोलली."