कुसाबाईचे पुरावे

शरणपुरच्या कुसाबाईला ध्यास होता एकाच गोष्टीचा: भाऊबीजेला धाकट्या लहानूने आपल्या दारी यावं. तिने नि नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा लहानू भडकून म्हणाला होता, "गोऱ्या साहेबानं काल रचलेल्या पोथीपायी घर सोडलंस? ती जुनी हाय, खरी हाय, हे दाखव. मग येतो तुझ्या दारी ओवाळून घ्यायला."

झालं! बाईने मनाशी खूणगाठच बांधली. दर दिवाळीत रविवार कारंज्यापाशी बाजारात मांडलेल्या त्याच्या झेंडूच्या ढिगापुढे ती हजर, चर्चच्या पाळकसाहेबांचं डोकं खाऊन मिळवलेला नवा पुरावा घेऊन. येशूला न मानणाऱ्या रोमी इतिहासकारानेही त्याच्या वधाची नोंद करून ठेवली आहे, असं तिने सांगितलं. लहानू म्हणाला, "ऐकीव असंल." दूरदूरच्या मुलखांतल्या जुन्या प्रती एकमेकींशी जुळतात म्हणाली, तर म्हणे, "एकाचं बघून दुसऱ्यानं लिवलं असंल." खोट काढण्यात पठ्ठ्या बहाद्दर हो! तिच्या पिशवीत ओंजळभर फुलं टाकायचा, पण यायचं नाव नाही. भाऊबीजेला कुसाबाई ओवाळणीचं ताट तयार करून वाटेकडे डोळे लावून बसायची आणि दिवेलागणीला ते तसंच उचलून ठेवायची.

छत्तीस सालच्या दिवाळीत मात्र ती जवळजवळ पळतच आली. मिसर देशातून आणलेला शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पोथीचा एक तुकडा विलायतेत ओळखला गेला होता. अक्षराच्या वळणावरून पंडितांनी तो अठराशे वर्षांचा ठरवला होता.

"गोरा साहेब तेव्हा कुठे होता रे?" तिने विचारलं. "मूळ लिहून तेव्हा जेमतेम एक-दोन पिढ्या झाल्या असतील. आता बोल."

लहानूने फुलांवर पाणी शिंपडायचा तांब्या खाली ठेवला.

"पटलं, अक्का," तो म्हणाला. "पहिल्या सालीच पटलं व्हतं. पन तुझ्या घरचं पानी प्यालो तर भावकी वाळीत टाकंल. माझ्या पोरींना मग कोन करून घेईल?"

"मग इतकी वर्षं खोट कशाला काढत बसलास?"

"पटलं म्हनलो असतो तर तू यायची थांबली असतीस."

कुसाबाईला रडू फुटलं. भर बाजारात, लोक बघत असताना ती पोटभर रडली. मग डोळे पुसून त्याच्याशेजारी पोत्यावर बसली.

"तो तुकडा तळहाताएवढासुद्धा नाही रे," ती म्हणाली. "बाकीचं सगळं अजून सापडायचंय."