समासातलं उत्तर

मी नववीत शाळा सोडली. गाव हिंगोलीकडचं. नवऱ्याला नाशिकला कंपनीत काम लागलं म्हणून इकडे आले, आणि आता इंदिरानगरात चार घरी पोळ्या करते. त्यातलं एक घर बाईंचं. बाई कॉलेजात मराठी शिकवायच्या. आता निवृत्त आहेत, एकट्याच राहतात. त्यांनीच माझा दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. त्यांच्या पोळ्या झाल्या की ओटा पुसायचा आणि जेवणाच्या टेबलाशी तासभर शिकायला बसायचं. त्या तासाचा चहा बाई करायच्या, मला उठू द्यायच्या नाहीत.

गणिताची मला भीती नव्हती, निबंधाची होती. लिहायच्या निबंधाची नाही, वाचायच्या निबंधाची. दुसऱ्याचा निबंध द्यायचा आणि खाली विचारायचं, लेखकाला काय म्हणायचं आहे? म्हणायचं ते त्यानं म्हटलंय की.

"तीनदा वाचायचा," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा नुसता, पेन्सिल लांब ठेवून. दुसऱ्यांदा कुठे वळतो ते बघायचं. तिसऱ्यांदा भांडायचं."

"कोणासंगं?"

"लेखकाशी. हे का सांगितलंस, ते का गाळलंस."

"कामून गाळलंस," मी म्हटलं.

"हां, कामून. तुमच्याकडच्या शब्दाला धार आहे. तोच वापर."

त्यांनी एका जुन्या संग्रहातल्या निबंधाची झेरॉक्स दिली. लेखकाच्या घरापुढचं, त्याच्या आईनं सारवलेलं अंगण, पुढे तिथे फरशी बसते, मग गाडी उभी राहते. पाच पानं. त्यावर पंधरा ओळी लिहायच्या, स्वतःच्या.

मी तीनदा वाचला. चौथ्यांदाही वाचला. अंगण होतं, फरशी आली, संपलं. भांडण काही सुचेना. छापून आलेल्या माणसाशी भांडणारी मी कोण, असंही वाटायचं. त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. बाईंनी एवढं मनावर घेतलं आणि आपण ठोंब निघालो, तर त्या तास बंद करतील. माझा दिवसभरातला तेवढाच एक तास माझा होता.

शनिवारी बाईंचं पुस्तकांचं कपाट पुसताना तोच संग्रह हाती आला. उघडला तर अंगणाच्या निबंधाभोवती समासात बारीक पेन्सिल. बाईंचं अक्षर, पुसट झालेलं. दुसऱ्या पानाच्या कडेला लिहिलं होतं, 'आई इथून पुढे येत नाही. विसरला नाही, सांगवत नाही.' बाई आंघोळीला गेल्या होत्या. मी किराण्याच्या यादीमागे सगळं उतरवून घेतलं आणि पुस्तक होतं तिथे सारून ठेवलं.

सोमवारी पंधरा ओळी त्यांच्यापुढे ठेवल्या. वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. मला वाटलं, पकडली गेले.

"आई पुढे येत नाही, हे तुला सुचलं?"

मी मान हलवली. तोंडानं बोलले नाही, म्हणजे खोटं नाही, असं तेव्हा स्वतःला समजावलं.

"अगं, हा निबंध मी किती वर्षं शिकवला. मला कधी दिसलं नाही हे."

पहिल्यांदा मला सुटल्यासारखंच वाटलं. ते लपवत नाही. पुढच्या घरी पोळ्या लाटताना हात थांबला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. बाई स्वतःचं लिहिलेलं विसरल्या होत्या. आणि हे त्यांना माहीत नव्हतं, मला होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर बंगळुरूच्या लेकीला फोन केला. "माझ्या विद्यार्थिनीनं काल मला शिकवलं," म्हणाल्या. आता खरं सांगायचं तर माझी चोरी सांगावी लागणार होती, आणि चोरी सांगायची तर त्यांचा विसर त्यांच्यापुढे मांडावा लागणार होता. न सांगावं, तर त्या माझं कौतुक करत राहणार. तीन दिवस त्यांनी दिलेला चहा मी तसाच टेबलावर ठेवून उठले.

शुक्रवारी मी संग्रह काढून टेबलावर ठेवला.

"बाई, ते माझं नव्हतं. ह्यातून उतरवलं."

त्यांनी पान जवळ धरलं, मग लांब धरलं. "अक्षर माझंच आहे."

"हो."

"चोरलंस ते चोरलंस, तेही माझ्याच कपाटातून."

"चुकलं माझं. तास बंद करायचा असंल तर करा."

"तास कशाला बंद करायचा," त्या म्हणाल्या, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्यांनी पान उलटलं, पुढचं वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं. परक्या माणसाचं वाचावं तसं. "कधी लिहिलं गं मी हे?"

मला काय माहीत असणार. पण त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मला माहीत असायला हवं होतं. त्या रागावल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं. खरं मी त्यांच्यासाठी सांगितलं की माझा जीव हलका व्हावा म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही.

मग त्यांनी लेकीला फोन लावला. "ते परवा सांगितलं ना, ते माझंच निघालं," हसत म्हणाल्या. "लिहून विसरले, बघ."

मी वही मिटून बसले होते. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. बाईंचं हसू थांबलं. त्यांनी फोन कानापासून काढून बघितला, परत लावला.

"हॅलो," त्या म्हणाल्या. "आहेस ना?"