पट्टी बाहेर काढली तेव्हा

शिक्षक मंडळी, हा कागद आजच आपल्या खोलीच्या दारावर लावतेय. उद्यापर्यंत थांबले तर मीच गप्प बसेन.

दुपारी दुसरीला लांबी मोजायला शिकवत होते. मुलांनी आपापल्या वितीने माझं टेबल मोजलं. बहुतेकांच्या सात विती भरल्या. सगळ्यात लहानखुरी सुमन म्हणाली, "मन्ह्या नऊ शेतस, बाई." पोरं हसली.

मला मात्र आनंद झाला. हेच तर शिकवायचं होतं. टेबल एकच, वीत ज्याची त्याची, म्हणून पट्टी लागते. मी ड्रॉवरमधून लाकडी पट्टी काढली आणि म्हणाले, "सुमन, इकडे ये. हात पुढे कर."

सुमन आली, तळहात वर करून हात पुढे धरला आणि डोळे घट्ट मिटले.

"मन्हं काय चुकनं, बाई?"

मी तिची वीत मोजणार होते. पण ह्या पट्टीने मी आजवर वर्गात काही मोजलंच नव्हतं. मुलांनी ती फक्त हातावर पडताना पाहिली होती.

"काही नाही चुकलं गं," म्हणाले आणि वीत मोजली. तेरा सेंटीमीटर.

मग म्हटलं, घ्या पट्टी, तुम्हीच मोजा. कोणी हात लावेना.

तुमच्या वर्गात मुलं पट्टी हातात घेतात का? घेत असतील, तर ती तुम्ही कशी दिलीत, तेवढं मला सांगा.