सरपंचाचं वर्षभराचं धान्य

"ओ भाऊ! बाहेर या! तुमना सरपंचनी मन्हं बठ्ठं आंगण खराब करी टाकं!"

शेजारच्या अक्कांची ही आरोळी सकाळी सकाळी अख्ख्या गल्लीने ऐकली. आधी खुलासा करतो : सरपंच हा कुत्रा आहे. माझे सासरे नाना एरंडोलकडच्या आपल्या गावात निवडणूक हरले आणि त्याच आठवड्यात त्यांनी एक पिल्लू आणून त्याचं हे नाव ठेवलं. तेव्हापासून गावाला दोन सरपंच आहेत आणि नानांच्या मते काम करणारा एकच.

नाना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला थोरल्या मुलीकडे निघाले आणि जाताना सरपंचाला जळगावला आमच्या हवाली करून गेले. नानांनी विश्वासाने माझ्या हाती काही सोपवण्याची ही दुसरीच वेळ. (पहिल्या वेळी मुलगी दिली. त्याबद्दल ते अजून हळहळतात.)

"याचं पोट नाजूक आहे, जावईबापू," ते म्हणाले. "कोरडं खाद्यच द्या. छोटी पिशवी आणा, तारीख पाहा, फोडली की तोंड गच्च बांधून सावलीत ठेवा. बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका! खान्देशातल्या जावयाला! तेही ऐन उन्हाळ्यात, जेव्हा गच्चीगच्चीवर वर्षाचं धान्य भरायची धूम असते! आमच्या घरी गहू मी वाळवतो, तुरीच्या डाळीला एरंडेल मी चोळतो, कडुलिंबाचा पाला घालून कोठी मी भरतो. आमची कोठी पाहून किडे रस्ता बदलतात, अशी माझी ख्याती आहे. (ख्याती मीच पसरवली आहे, पण आहे.)

दुकानात तारीख मात्र मी इतकी निरखून पाहिली, की दुकानदार म्हणाला, "साहेब, पत्रिका जुळवताय का?"

"मोठ्यात मोठं पोतं द्या."

"कुत्रे किती आहेत?"

"एक."

"पाळलाय?"

"नाही, दोन-तीन दिवसांचा पाहुणा आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पोतं रिक्षात टाकलं.

गच्चीवर बायकोची जुनी साडी अंथरून मी पोतं रिकामं केलं. जळगावचं ऊन ते! तासाभरात असा वास सुटला, की पाचोऱ्याच्या मांजरांनी गाडीची चौकशी केली असेल! कावळ्यांची तर सभाच भरली. पलीकडच्या गच्चीवर ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, वाळवणाऱ्या अक्का पदर नाकाला लावून ओरडल्या, "भाऊ, काय शे हाई? वास काय मारी ऱ्हायना!"

मी बाह्या सरसावून तेल चोळत होतो, तेवढ्यात बायको वर आली.

"अहो, हे काय?"

"एरंडेल. डाळीला लावतो तेच."

"डाळ आपण धुऊन शिजवतो! सरपंच काय धुऊन खाणार आहे?"

मुद्दा विचार करण्यासारखा होता. मी केला नाही. माझ्या हातातला किडे मारायच्या बोरिक पावडरचा डबा मात्र तिने हिसकावून घेतला आणि थेट खाली नेऊन कपाटात कोंडला. मग मी पाला घालून कोठी भरली आणि संध्याकाळी सरपंचाला वाडगंभर वाढलं. त्याने वास घेतला, विरोधी पक्षाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि बिचाऱ्याने संपवलं.

सकाळी फाटक उघडं मिळताच सरपंच सुटला! आधी अक्कांचं अंगण, मग कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, मग गिरणीवाल्याची नवी कोरी चटई! मागे मी बादली घेऊन, माझ्यामागे बायको फिनेल घेऊन, तिच्यामागे अक्का खराटा घेऊन. (खराटा अंगणासाठी होता की माझ्यासाठी, हे मी विचारलं नाही.) सगळी गल्ली हसत होती.

मग सरपंच आमच्या पायरीपाशी येऊन आडवा झाला. हाक मारली, तर शेपूटही हलवेना. अक्कांनी खराटा टाकला आणि त्याच्या तोंडाशी पाणी धरलं. नेमका तेव्हाच नानांचा फोन आला : "डॉक्टरांनी सोडलं. एसटीत बसतोय. सरपंच कसा आहे?"

"एकदम मोकळा!" मी म्हणालो. (खोटं नव्हतं.)

रिक्षातून जनावरांच्या डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी सलाईन लावलं आणि विचारलं, "काय खाल्लंय?" मी सगळी कृती सांगितली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"एरंडेल दिल्यावर जुलाब होणार नाहीत तर काय? शिवाय उन्हात त्यातली चरबी खवट होते. हे सगळं फेकून द्या. छोटी पिशवी आणा."

संध्याकाळी नाना काळा चष्मा लावून दारात उतरले. तोवर सरपंच सावरला होता. त्यांना पाहून तो शेपूट हलवत उठला आणि माझ्या जिवात जीव आला. पण अक्कांनी फाटकातच त्यांना सगळं सांगून टाकलं होतं! नाना सरळ कोठीपाशी गेले. झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं.

अब्रू वाचवायला मी पुढे झालो.

"काही म्हणा नाना, पण त्यात एक किडा शिरला नाही!"

नानांनी सरपंचाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"किड्याला अक्कल असते, जावईबापू."